नालोबा

कंपूच्या उतारावर, जिथे टेम्पोवाले इंजिन बंद करून
फुकटात घसरत खाली येतात,
तिथे एक कडुनिंब आहे.
बुंध्यात साल कमी, लोखंड जास्त.
आम्ही लष्करातली मराठी माणसं त्याला नालोबा म्हणतो,
पलीकडच्या गल्लीत नालशाह.
टेम्पोवाला दोन्ही म्हणत नाही,
"नाल पे उतरना है?" एवढंच विचारतो.

फौजेबरोबर दक्षिणेतून आलेला नालबंद.
गाव कुठलं, आई कोण, सुंता की मुंज,
कुणी विचारलं की म्हणायचा:
आधी घोड्याचा पाय धर.
भाता ओढताना बिस्मिल्ला
आणि लाल नाल पाण्यात बुडवताना हर हर,
असं आमचे आजोबा सांगायचे.
खैरूनबी नेमकं उलटं सांगायची.
चाळीस वर्षं चाललं हे भांडण.
आजोबा गेले त्या दिवशी ती दारात आली,
पायऱ्यांवरच बसली, म्हणाली,
"चलो, आज तुम्हारा वाला सही."

मी दीड वर्षाची असताना ताप आला
आणि जाताना डावा पाय घेऊन गेला.
आईनं नवस बोलला: पोर चालू दे,
चांदीची नाल वाहीन.
सतरा गुरुवार, तिकडच्या सतरा जुमेराती,
खैरूनबी मोरपिसानं पाय झाडायची,
आई अंगारा लावायची,
नालोबाच्या ओट्यावर माझा पाय पसरलेला,
त्यावर मुंग्या हिंडायच्या, मला कळायचं नाही.

पाय आला नाही. कॅलिपर आला.
चामड्याचे दोन पट्टे, दोन सळ्या
आणि बुटाच्या टाचेत ठोकलेलं लोखंड.
शाळेत मी यायच्या आधी माझा आवाज यायचा.

नाल मात्र आईनं आधीच घडवून घेतली होती,
सराफ्यात, बांगड्या मोडून.
नवस फळला नाही म्हणून वाहता येईना,
देवाच्या नावाची म्हणून विकता येईना.
देव्हाऱ्यामागे, मेणकापडात,
ती एकतीस वर्षं उभ्यानं राहिली.

दिवसकार्य उरकल्यावर सापडली.
मी ती पिशवीत टाकली,
आणि का कोण जाणे, माळ्यावरचा
माझा पहिला कॅलिपरही, वीतभर,
बाहुलीला बसेल एवढा.

खैरूनबीला आता दिसत नाही.
ओट्यावर बसून तेलाच्या फडक्यानं
हात पोचेल तेवढ्या नाला पुसते.
घोडे गेल्याला जमाना झाला;
लोक आता सायकलच्या साखळ्या आणतात,
कुणी आणलेला लुनाचा पेडल आहे,
पोरानं दुबईहून पाठवलेल्या बुटांची जोडी आहे, तळ गेलेली.

चांदीची नाल तिनं तळहातावर तोलली,
अंगठा फिरवला कडेवरून,
परत माझ्या पिशवीत ठेवली.
"गहना है. इसमें कौन चला है?"

मग कॅलिपर.
पट्टे चाचपले, बकलं, टाचेचं लोखंड,
जिथे ते एका बाजूनं झिजून
पात्यासारखं झालंय, तिथे बोट थांबलं.
"पाँव ठीक हुआ था?"
नाही.
"चलती तो हो?"
चालते. घर ते पोस्ट, पोस्ट ते घर,
अठ्ठावीस वर्षं. परवा मसणवटीपर्यंत.
"तो फिर?"
आणि नातवाला हाक मारली, हातोडा आण म्हणून.

तीन खिळे वाकले. चौथा बसला.
डिंकाचा एक थेंब आला, पट्ट्यावर अडकला.
खैरूनबीनं त्यालाही तेल लावलं.

परतताना एकही टेम्पो वर न्यायला तयार नव्हता.
चढ मी पायीच चढले,
एक पाय टक्, एक पाय मुका,
मध्ये तीनदा थांबून.
पिशवीत आईची चांदी दर पावलाला
मांडीवर आपटत होती.
तिचं काय करायचं, अजून ठरलेलं नाही.